रीस्टार्टच होईना : १९ जुलै २०२४ चा घटनाक्रम

घरचा संगणक अडला की पहिला सल्ला ठरलेला असतो. बंद कर आणि परत चालू कर. संगणक दुरुस्त करणारा माणूससुद्धा फोनवर आधी हेच करायला सांगतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यानं काम भागतं. चालू असताना मेमरीत झालेला गुंता वीज तुटली की पुसला जातो आणि डिस्कवर जपून ठेवलेल्या प्रतीवरून यंत्र नव्यानं उभं राहतं. मात्र त्यासाठी डिस्कवरची ती प्रत धड असावी लागते.

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी सुमारे ८५ लाख संगणकांच्या डिस्कवर एक बिघडलेली फाइल जाऊन बसली. ते संगणक धड चालू होईनात, धड बंद राहीनात. नुसते रीस्टार्ट होत राहिले. पुढच्या सगळ्या वेळा भारतीय घड्याळाप्रमाणे आहेत.

साडेचार महिने आधी

क्राउडस्ट्राइक ही टेक्सासमधल्या ऑस्टिनची सुरक्षा कंपनी. तिचं 'फाल्कन' हे उत्पादन विमान कंपन्या, बँका, रुग्णालयं, वृत्तवाहिन्या अशा मोठ्या संस्थांच्या संगणकांवर बसवलेलं असतं. घुसखोरी होते आहे का यावर ते आतून नजर ठेवतं. २८ फेब्रुवारी २०२४ ला फाल्कनची ७.११ ही आवृत्ती आली. विंडोजमधले प्रोग्रॅम एकमेकांशी ज्या वाटेनं बोलतात तिचा हल्लेखोर गैरवापर करतात, आणि तो ओळखण्याची नवी सोय या आवृत्तीत होती. तपासायचे नियम मात्र वेगळ्या छोट्या फाइलींतून येत. त्यांना कंपनी 'चॅनल फाइल' म्हणते. या सोयीच्या फाइलीचा क्रमांक होता २९१.

नव्या सोयीच्या आराखड्यात २१ रकाने धरलेले होते. प्रत्यक्ष संगणकावर चालणारा कोड त्या तपासणीला २० च रकान्यांची माहिती पुरवत होता. ५ मार्चला या प्रकारचा पहिला नियम गेला, ८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान आणखी तीन गेले. चारही नियमांत २१ व्या रकान्यात 'काहीही चालेल' असंच लिहिलेलं होतं, त्यामुळे तिथं डोकावून पाहायची वेळच आली नाही. चार वेळा सुखरूप गेलं म्हणून पाचवी वेळ निर्धास्त झाली. माझ्या मते १९ जुलैचं बीज याच निर्धास्तपणात आहे. चुकीचा आकडा कोणाच्याही हातून लिहिला जातो. तो चार वेळा निभावून गेल्यावर पुन्हा तपासण्याची गरज मात्र कोणाला वाटत नाही.

पहाटे ३.३० च्या सुमारास

आधी भलतंच काहीतरी बिघडलं. मायक्रोसॉफ्टच्या 'अझूर' या क्लाउड सेवेचं मध्य अमेरिकेतलं केंद्र कोलमडलं. फ्रंटियर, अलेजियंट, सन कंट्री या तिथल्या विमान कंपन्यांची उड्डाणं खोळंबली. या बिघाडाचा क्राउडस्ट्राइकशी काही संबंध नव्हता. पण त्यानं पुढच्या निदानाचा पार विचका केला. सकाळी संगणक पडू लागले तेव्हा पुष्कळांनी ती याच दुखण्याची पुढची पायरी समजली आणि अझूर सावरण्याची वाट पाहत बसले. एकाच दिवशी दोन आजार आले की वैद्याची जी फसगत होते तशीच ही झाली.

सकाळी ९.३९

चॅनल फाइल २९१ ची नवी प्रत सर्व्हरवरून सुटली. तिच्यात दोन नवे नियम होते. त्यातल्या एकात २१ व्या रकान्यात पहिल्यांदाच ठरावीक मजकूर जुळवून पाहायला सांगितलं होतं. पाठवण्यापूर्वी नियम तपासणारा एक प्रोग्रॅम कंपनीकडे होता. त्यातही दोष होता, आणि त्यानं ही फाइल ठीक आहे असा निर्वाळा दिला.

हा क्षण पृथ्वीच्या पाठीवर वेगवेगळ्या प्रहरी आला. सिडनीत दुपारचे दोन वाजून गेले होते. लंडनला पहाटेचे पाच, न्यूयॉर्कला नुकतीच मध्यरात्र उलटलेली. ऑस्टिनमध्ये अजून गुरुवारच होता, रात्रीचे अकरा. आपल्याकडे आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झालेले, आणि मुंबई-पुण्यातली कार्यालयं कामाला लागण्याची वेळ.

फाइल पोचताच फाल्कननं ती वाचायला घेतली. २१ वा रकाना मागितला गेला. मेमरीत २० च मांडलेले होते. वाचणारा कोड विसाव्याच्या पुढे सरकला आणि जो पत्ता त्याचा नव्हताच तिथून वाचू लागला. साध्या प्रोग्रॅमकडून हे झालं असतं तर तेवढाच प्रोग्रॅम बंद पडला असता. फाल्कनचा हा भाग मात्र कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो. गाभ्यातल्या कोडनं भलत्याच पत्त्यावर हात घातला की विंडोज स्वतःहून सगळं थांबवते. पुढे चालू राहिलं तर डिस्कवरची माहितीही बिघडेल, ही त्यामागची भीती असते. निळा पडदा उमटतो तो त्याच वेळी. लोक त्याला घाबरतात, पण तो विंडोजनं वेळेवर दाबलेला ब्रेक असतो.

थांबलेला संगणक मग रीस्टार्ट झाला. फाल्कनचा गाभ्यातला हा भाग, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, सुरुवातीच्याच टप्प्यात चालू होतो, कारण त्याच्या आधी कोणी घुसखोर आत शिरता कामा नये. त्यानं डिस्कवरून तीच फाइल उचलली, पुन्हा २१ वा रकाना मागितला, पुन्हा निळा पडदा आला. लॉगिनचा चौकोन दिसायच्याही आधी हे होऊ लागलं. सर्वांत आधी जागं होणं हे या सुरक्षेचं बळ, आणि त्यामुळेच तिला चुकवून आत जायला नेहमीची वाट उरली नव्हती.

९.४५ ते १०.५७

ऑस्ट्रेलियात भर दुपारचं कामकाज चालू होतं, म्हणून पहिला आवाज तिथून उठला. बँका, सुपरमार्केटचे गल्ले, विमानतळ, एबीसी ही सार्वजनिक प्रसारण संस्था. ब्रिटनमध्ये स्काय न्यूजचं सकाळचं थेट प्रसारण बंद पडलं. भारतात साडेदहानंतर विमानतळांवर रांगा वाढू लागल्या. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्स्प्रेस या कंपन्या चेक-इनसाठी वापरत असलेली 'नॅव्हिटेअर'ची यंत्रणा अडखळली होती. मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांवर अकासानं हातानं चेक-इन सुरू केलं आणि प्रवाशांना लवकर या असं कळवलं.

कार्यालयांतून, आणि घरून काम करणाऱ्यांच्या टेबलांवर, तोवर नेहमीचे उपचार होऊन गेले होते. पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद केलं, प्लग काढून पुन्हा लावला, बॅटरी संपू दिली. फरक पडला नाही. लोक करत होते ते बरोबरच होतं. बिघाड मेमरीत असता तर यातल्या कशानंही तो गेला असता. इथं तो डिस्कवर होता आणि दर रीस्टार्टला नव्यानं वाचला जात होता. घरच्या मशीनच्या बाबतीतही हा फरक आधी ओळखावा लागतो. एकदा बंद-चालू केल्यावर दोष गेला तर तो मेमरीतला. तीन वेळा केल्यावरही त्याच ठिकाणी, त्याच क्षणाला अडला तर चौथ्यांदा बटण दाबून काही मिळत नाही.

या ७८ मिनिटांत जे संगणक बंद होते ते सगळे वाचले. आदल्या संध्याकाळी कोणी शिस्तीनं शटडाउन करून घरी गेलं असेल आणि या वेळात परत चालू केलं नसेल तर त्याचं मशीन सुखरूप राहिलं. रात्रभर चालू ठेवलेली सापडली. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांना अनेकदा सांगितलेलंच असतं की मशीन बंद करू नका, रात्री अपडेट येतात. रुग्णालयातलं, विमानतळावरचं, तातडीच्या मदतीच्या दूरध्वनी केंद्रातलं यंत्र तर कधीच बंद नसतं. म्हणजे ज्यांच्यावाचून अडतं नेमके तेच संगणक जाळ्यात सापडले.

सकाळी १०.५७

क्राउडस्ट्राइकनं चुकीची फाइल मागे घेऊन दुरुस्त प्रत सर्व्हरवर ठेवली. चूक सुटल्यापासून सव्वा तासाच्या थोडं पुढे, म्हणजे कोणत्याही मापानं हे काम चपळाईनं झालं. पण नेटवर्कवर येण्याइतकं जे मशीन उभंच राहत नाही त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? एरवी अपडेटची चूक अपडेटनंच सुधारता येते. त्या दिवशी ती वाटच तुटलेली होती.

दुपार

उपाय सापडला, आणि तो ऐकायला अगदी साधा होता. मशीन सेफ मोडमध्ये चालू करायचं, म्हणजे विंडोज मोजकेच ड्रायव्हर घेऊन उठते आणि फाल्कन झोपलेलं राहतं. मग विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात क्राउडस्ट्राइक. तिथं 'सी-०००००२९१'नं सुरू होणारी फाइल पुसायची आणि नेहमीसारखं रीस्टार्ट करायचं. ज्याला येतं त्याला पाच-दहा मिनिटांचं काम.

आता हे एखाद्या कंपनीच्या वीस हजार यंत्रांवर करायचं म्हटलं की चित्र पालटतं. दुरून हे होत नाही. प्रत्येक मशीनपाशी माणूस हवा. विमानतळावरचे फलक चालवणारी पेटी छताजवळ बसवलेली असते, तिला कीबोर्डच नसतो. शिडी लावा, कीबोर्ड जोडा, सेफ मोडमध्ये जा. आणि तिथवर पोचल्यावर बऱ्याच ठिकाणी बिटलॉकर समोर उभं राहायचं. लॅपटॉप चोरीला गेला तरी माहिती वाचता येऊ नये म्हणून कंपन्या बिटलॉकरनं डिस्क कुलूपबंद करतात. विंडोज नेहमीच्या वाटेनं उठली तर कुलूप आपोआप उघडतं. आडवाटेनं आत शिरू पाहिलं की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. या चाव्या कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेल्या असतात, आणि काही ठिकाणी तो सर्व्हरही निळ्या पडद्यावर अडकलेला होता. मग आधी सर्व्हर जिवंत करा, चाव्या बाहेर काढा, नंतर बाकीच्यांकडे वळा.

घरून काम करणाऱ्यांचं यात सर्वांत अवघड झालं. लॅपटॉप कंपनीचा, जागा घरची, आणि आयटीवाला फोनच्या दुसऱ्या टोकाला. ज्यांनी जन्मात कधी सेफ मोड पाहिला नव्हता अशा माणसांना आयटीवाल्यांनी निळ्या-काळ्या पडद्यांतून बोटाला धरून नेलं. ट्रबलशूट निवडा, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, आता रीस्टार्ट, आता यादीतला चौथा आकडा दाबा. पुढे ४८ आकडे एकेक करून सांगायचे, पलीकडच्यानं ते बिनचूक टाइप करायचे, एक चुकला की तो गट पुन्हा. हे तंत्रज्ञ कित्येक दिवस हेच करत राहिले. बातम्यांत कंपन्यांची नावं आली, मंत्र्यांची निवेदनं आली. मला या दिवसाचे नायक विचाराल तर मी हेल्पडेस्कवर बसलेल्या या माणसांकडे बोट दाखवीन.

एक विचित्र उपायही त्या दुपारी खरा ठरला. मायक्रोसॉफ्टनं अझूरवरच्या ग्राहकांना सांगितलं की मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून पाहा, काहींना तब्बल १५ वेळा करावं लागलं आहे. वरवर पाहता हा जुनाच सल्ला पंधरा वेळा दिल्यासारखा वाटतो, पण त्यामागे हिशेब होता. मशीन उठताना दोन गोष्टींत शर्यत लागते. एकीकडे फाल्कन वाईट फाइल वाचून कोसळण्याच्या बेतात, दुसरीकडे तेच फाल्कन इंटरनेटवरून नवी फाइल मागवण्याच्या खटपटीत. एखाद्या फेरीत नेटवर्क चुटकीसरशी जोडलं गेलं आणि दुरुस्त फाइल आधी उतरली, तर मशीन वाचलं. क्राउडस्ट्राइकनंही वायफायऐवजी केबल लावून रीस्टार्ट करा असं सांगितलं ते यासाठीच, केबलवर जोडणी लवकर होते.

दुपारी ३.१५

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ यांनी समाजमाध्यमावर जाहीर केलं की हा सायबर हल्ला नाही, दोष विंडोजसाठीच्या एका अपडेटमध्ये आहे, मॅक आणि लिनक्सला धक्का नाही, आणि दुरुस्ती सोडलेली आहे. पहिल्या निळ्या पडद्यापासून साडेपाच तास उलटले होते. या संदेशात माफी नव्हती. ती नंतर आली.

कुर्ट्झ यांना असा दिवस नवा नसावा. २१ एप्रिल २०१० ला मॅकअ‍ॅफी या अँटिव्हायरस कंपनीच्या अपडेटनं विंडोज एक्सपीतली 'एसव्हीसीहोस्ट' ही विंडोजचीच अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून बाजूला काढली होती. तेव्हाही जगभर संगणक रीस्टार्टच्या फेऱ्यात अडकले, तेव्हाही तंत्रज्ञ एकेका मशीनपाशी गेले. त्या वेळी मॅकअ‍ॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी कुर्ट्झच होते. हा प्रकार एका माणसाच्या माथी मारून सोडणं मला पटत नाही. पण रखवालदाराच्या हाती घराच्या गाभ्याची किल्ली दिली की रखवालदाराचीही तपासणी हवी, हे या उद्योगाला चौदा वर्षं आधी कळलेलं होतं.

संध्याकाळ

युरोपातला दिवस तोवर विस्कटून गेला होता. बर्लिन विमानतळानं तिथल्या सकाळी दहापर्यंत उड्डाणं थांबवली होती. इंग्लंडमध्ये दवाखान्यांतली रुग्णांच्या नोंदींची प्रणाली बंद पडल्यानं डॉक्टर कागद-पेनावर आले. अमेरिकेत डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या तीन मोठ्या कंपन्यांनी तिथल्या पहाटे विमानं जमिनीवर रोखून धरली. अलास्कात ९११ या तातडीच्या क्रमांकाची सेवा अडखळली.

भारतात इंडिगोनं जवळपास २०० उड्डाणं रद्द केली. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाचा हातानं लिहिलेला बोर्डिंग पास समाजमाध्यमांवर खूप फिरला. नाव, उड्डाण, आसन, सगळं शाईनं. रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की देशातल्या फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. आपल्याकडच्या बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नाहीत आणि हे विशिष्ट उत्पादनही मोजक्याच बँका वापरतात, म्हणून हे निभावलं. केंद्र सरकारनं एनआयसीचं, म्हणजे सरकारी संगणकांचं, जाळं सुरक्षित असल्याचं सांगितलं.

२० जुलै, पहाटे ३

देशातल्या विमानतळांवर विमान कंपन्यांच्या यंत्रणा पूर्ववत चालू लागल्या, असं नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी सकाळी सांगितलं. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टनं बाधित संगणकांचा अंदाज दिला, ८५ लाख. जगातल्या एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी. हा आकडा दिलासा म्हणून सांगितला गेला. मला तो उलट धास्ती वाटण्यासारखा वाटतो, कारण इतक्या थोड्या यंत्रांनी एवढं जग अडवलं.

डेल्टाचे दिवस मात्र पुढेच वाढून ठेवले होते. त्यांचे संगणक उठले, पण कोणता वैमानिक कुठल्या शहरात आहे याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा मागे पडली ती सावरेना. पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. मायक्रोसॉफ्टनं पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करण्याचं साधन दिलं, तंत्रज्ञ खिशात पेनड्राइव्ह घेऊन मजल्यामागून मजले फिरले, आणि २९ जुलैपर्यंत क्राउडस्ट्राइकच्या म्हणण्यानुसार विंडोजवरची सुमारे ९९ टक्के फाल्कन पुन्हा जागेवर आली.

६ ऑगस्टला कंपनीनं सविस्तर कारणमीमांसा प्रसिद्ध केली. २० आणि २१ चा हिशेब जगाला कळला तो तिथून. आणखी एक गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. फाल्कनची मुख्य आवृत्ती आधी थोड्या यंत्रांवर चालवून पाहून मग सगळीकडे न्यायची, ही मुभा ग्राहकांना होती. नियमांच्या फाइलींसाठी ती नव्हती. त्या सगळ्यांना एकदमच जात. आता त्याही टप्प्याटप्प्यानं जातात. ही पद्धत आधीपासून असती तर पहिल्या काही शे यंत्रांवरच हा दोष सापडला असता, आणि १९ जुलै इतर शुक्रवारांसारखा निघून गेला असता.

घरचा संगणक

त्या दिवशी घराघरांतले खाजगी संगणक चालूच राहिले, कारण फाल्कन संस्थांना विकलं जातं, घरगुती ग्राहक ते घेत नाही. तरी या प्रकरणातून घरच्या मशीनसाठी एक सोय जन्माला आली. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ मध्ये 'क्विक मशीन रिकव्हरी' आणली. मशीन वारंवार उठायला नकार देऊ लागलं तर ते आता दुरुस्तीच्या पडद्यावरूनच इंटरनेटला जोडून घेतं आणि मायक्रोसॉफ्टकडे या दोषावर उपाय आहे का ते विचारतं. होम आवृत्तीत ही सोय आधीपासूनच चालू ठेवलेली आहे. निळा पडदाही गेला, नव्या आवृत्तीत तो काळा आहे.

कुलपाचा प्रश्न मात्र घरीही आला आहे. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते, आणि मालकाला ते माहीतही नसतं. चावी त्याच खात्यात जमा होते. लॅपटॉप सुरू आहे तोवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन रिकव्हरी की शोधावी, ४८ आकडे कागदावर उतरवावेत आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता घराच्या कागदपत्रांत ठेवावा. खात्याचा पासवर्डही त्याच वेळी आठवतोय ना, हे पाहून घ्यावं.

आणि रात्री काम संपलं की मशीन बंद करावं. मात्र विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउननं गाभ्याची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. त्यामुळे मेमरीतला गुंता खरोखर पुसायचा असेल तर मेनूतलं शटडाउन पुरत नाही, रीस्टार्टच निवडावं लागतं.